पेशंट बरा होत असतो तेव्हाच विचारा, डॉक्टर

महाराष्ट्रातल्या सगळ्या हृदयरोग डॉक्टरांना आणि मेडिकल कौन्सिलमधल्या मोठ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही, वकील नाही. कृष्णाकाठच्या एका लहान गावात राहते, वय ५९, प्राथमिक शाळेत शिकवायचे. माझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत आणि घरातल्या कपाटात एक नोटरी केलेला कागद आहे, शेवटच्या वेळी माझ्यावर कुठले उपचार करायचे आणि कुठले नाहीत ते लिहिलेला, या दोन्हींबद्दल तुमच्याशी बोलायचंय. पत्र लांबेल, पण ओपीडीत जी तीन मिनिटं मिळतात त्यात हे मावत नाही म्हणून इथे लिहितेय.

जून २०२२ ची गोष्ट. सकाळी पाठीत आणि जबड्यात दुखायला लागलं, घाम फुटला, मला वाटलं पित्त झालंय, बायकांना असंच वाटतं, छातीत कळ आली नाही म्हणजे हार्ट नाही अशी आपली समजूत. मी आल्याचा रस घेऊन पडून राहिले आणि त्यात चार तास घालवले. दुपारी श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, छातीतून बुडबुड्यांचा आवाज यायला लागला तेव्हा यांनी गाडी काढली. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत फुप्फुसात पाणी भरलं होतं. पुढचं मला आठवत नाही, नंतर सांगितलं की तीन दिवस व्हेंटिलेटरवर होते, अँजिओप्लास्टी झाली, आणि हृदयाचं पंपिंग, ज्याला तुम्ही ईएफ म्हणता, ते ३० टक्क्यांवर आलं होतं. धडधाकट माणसाचं ५५ च्या वर असतं हे मला तेव्हा कळलं.

त्या तीन दिवसांच्या नळीमुळे मी आज हे पत्र लिहू शकतेय. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की ही बाई मशीनच्या विरोधात आहे. अजिबात नाही.

घरी आले आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. बाथरूमची एक पायरी चढताना दम लागायचा. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, दिवसाला दीड लिटरच पाणी, पापड लोणचं बंद. गोळ्यांची पट्टी बघितली की रडू यायचं. दुसऱ्या फॉलोअपला मी डॉक्टरांना सरळ म्हटलं, देवाने नेलं असतं तर बरं झालं असतं, आता मला जगायचं नाहीये.

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असं बोलायचं नाही मावशी, पॉझिटिव्ह राहा, आणि पुढचा पेशंट आत आला असता. आमच्या डॉक्टरांनी काय केलं तर यांना जरा बाहेर बसायला सांगितलं, स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि विचारलं, रात्री झोप लागते का? किती वाजता जाग येते? पूर्वी सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचात? मी म्हटलं जास्वंदीला पाणी घालायचे. आता घालता का? नाही. का नाही? घालावंसंच वाटत नाही. मग ते म्हणाले, हे तुमच्या हृदयाच्या दुखण्याचाच भाग आहे, अटॅक येऊन गेलेल्या साधारण पाचातल्या एका माणसाला डिप्रेशन येतं, त्याला औषध आहे, हार्टला चालेल अशी गोळी आहे, आपण ती सुरू करू आणि मानसोपचारवाल्या मॅडमना एकदा भेटू. आणि म्हणाले, सहा महिन्यांनी तुम्ही मला हेच वाक्य परत सांगितलंत तर मी वेगळ्या कानाने ऐकेन, पण आज नाही.

वेगळ्या कानाने ऐकेन. मी हे वाक्य वहीत वजनाच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवलंय.

त्यांनी हेही समजावून सांगितलं होतं की अटॅकनंतर हृदयाचा सगळा स्नायू मेलेला नसतो, काही भाग नुसता थिजलेला असतो, रक्त परत मिळालं की तो काही आठवड्यांनी हळूहळू हलायला लागतो, म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा आकडा हा कायमचा आकडा नव्हे. मग रिहॅब सुरू झालं, म्हणजे हृदय सावरायला देखरेखीखाली करायचा व्यायाम. हॉस्पिटलच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये फरशीवर खडूच्या खुणा केलेल्या, फिजिओची मुलगी हातात घड्याळ घेऊन बाजूने चालायची, सहा मिनिटांत किती अंतर जातंय ते मोजायचं. पहिल्या दिवशी २१० मीटर, तेही दोनदा भिंतीला टेकून. तीन महिन्यांनी ३८० मीटर झाले तेव्हा ती पोरगी टाळ्या वाजवायला लागली आणि मला शाळेतली स्पर्धा आठवली. ईएफ सहा महिन्यांनी ४६. जास्वंदीला परत पाणी मीच घालते.

आता आण्णांबद्दल सांगते. आण्णा म्हणजे माझे सासरे. ते माझ्या अटॅकच्या आधी जवळजवळ तीन वर्षं, ऑक्टोबर २०१९ मध्ये गेले, ८४ व्या वर्षी. त्यांचंही हृदयच. पण त्यांचं हृदय थिजलेलं नव्हतं, ते दहा वर्षं मोठं मोठं होत सैल पडलं होतं. २०१६ मध्ये त्यांना खांद्याखाली बॅटरी बसवली, साधा पेसमेकर नाही, ठोके बिघडले तर आतून शॉक देऊन परत लाइनीवर आणते ती. त्या मशीनने त्यांना नक्की एकदा वाचवलं, अंगणात पडले होते आणि उठून बसले, ते उपकार मी विसरणार नाही.

मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो आणि माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की मला कुठले उपचार नकोत. आण्णांनी पेपरातली ती बातमी कात्रीने कापून एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवली. जेवायच्या ताटावर बसून शांतपणे म्हणाले, मला घरात जायचंय, नळ्या लावू नका, कागद करून घ्या. ते रडत नव्हते, चिडले नव्हते, भाकरी खात होते. झोप नीट होती, नातवाच्या परीक्षेची चौकशी रोज करायचे. डिप्रेशन काय असतं ते मी स्वतः भोगलंय, आण्णांना ते नव्हतं.

हे कोर्टात चौकशीला गेले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर सही आणि वर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. तीन हेलपाटे झाले, तिथे कोणालाच माहीत नव्हतं कसं करायचं, वकील म्हणाले कशाला या भानगडीत पडता. राहून गेलं. आण्णांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आम्ही दोनदा विषय काढून बघितला, ते म्हणाले, अहो आत्ता कशाला, छान आहेत की. दीड वर्षात पाच वेळा अॅडमिट झाले आण्णा. दर वेळी औषध बदललं, पाणी काढलं, घरी सोडलं. पाच डिस्चार्ज कार्डं आहेत माझ्याकडे, त्यातल्या एकावरही हा माणूस आता कुठल्या वळणावर आलाय आणि त्याला काय हवंय याबद्दल एक ओळ नाही.

सहाव्या वेळी रात्री दोनला नेलं. आयसीयूच्या दारात एक तरुण डॉक्टर, बिचारा चोवीस तास ड्युटीवर असलेला, म्हणाला नळी घालावी लागेल, हो की नाही लगेच सांगा. माझे दीर मुंबईहून फोनवर ओरडत होते की सगळं करा, पैशाकडे बघू नका. नणंद रडत होती. आण्णांना बोलता येत नव्हतं. हे हो म्हणाले. मीही हो म्हटलं. रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात कोण नाही म्हणेल सांगा.

अकरा दिवस. किडनी बंद पडली, हात बांधलेले कारण नळी ओढत होते. अकराव्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून, मुंबईच्या दिरांनीसुद्धा, हात जोडून विनंती केली की आता बास. तर सांगितलं, आम्ही मशीन काढू शकत नाही, पोलीस केस होईल, तुम्ही अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस सही करा आणि घेऊन जा. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतोय असं आम्हीच लिहून द्यायचं. अँब्युलन्समध्ये वॉर्डबॉय चाळीस मिनिटं हाताने फुगा दाबत बसला होता. ओटीवर गादी घातली, त्याने नळी काढली, पैसे घेतले आणि गेला. ना मॉर्फिन, ना गुंगीचं औषध, ना एक नर्स. आण्णांचा श्वास वर वर जात होता, यांनी त्यांचा हात धरला होता, आणि तेवढ्यात आण्णांचं सगळं अंग गादीवरून उडालं. बॅटरीने शॉक दिला होता. यांच्या हाताला झिणझिण्या आल्या. मिनिटभराने परत. मग आणखी एकदा. तीन वेळा. नणंदेला वाटलं आण्णा परत येतायत, ती ओरडायला लागली, आण्णा उठले, आण्णा उठले.

हृदय थांबताना ठोके बिघडतात आणि ते मशीन इमानेइतबारे आपलं काम करतं, त्याला काय कळणार की हा माणूस आता जायला निघालाय.

जवळजवळ तीन वर्षांनी, मी स्वतः पेशंट झाल्यावर, आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, तो शॉक बंद करता येतो. ऑपरेशन लागत नाही. ज्या यंत्राने बॅटरी चेक करतात त्याच यंत्राने बाहेरून काही मिनिटांत शॉकचा भाग तेवढा बंद होतो, त्याने हृदय थांबत नाही, पेसिंग चालू राहतं, फक्त शॉक बसत नाही. आणि अगदी घाईच्या वेळी छातीवर त्या जागी खास लोहचुंबक ठेवला तरी बहुतेक मशीन शॉक देत नाहीत. लोहचुंबक! आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात अर्धा डझन पडलेले असायचे आणि हे ज्यासाठी वापरतात तो वेगळा असतो हे मला समजतं, पण कोणीतरी आम्हाला हे नुसतं सांगायला हवं होतं हो. बॅटरी बसवताना आम्ही बारा पानांवर सह्या केल्या. कधी आणि कशी बंद करायची याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे डॉक्टर. मरणाबद्दल आम्हाला विचारा, पण आयसीयूच्या दारात नातेवाइकांना विचारू नका. पेशंट स्वतःच्या पायांनी चालत ओपीडीत येतो, वजनाची वही दाखवतो, सहा मिनिटांची चाल पूर्ण करतो, तेव्हा त्याला विचारा. बरं होताना विचारा. तेव्हा तो घाबरत नाही, कारण तुम्ही त्याला जगवून दाखवलेलं असतं. ज्या डॉक्टरने मला ३० वरून ४६ वर आणलं त्याने मला विचारलं की उद्या तुम्ही बोलू शकला नाहीत तर तुमच्या वतीने कोण बोलेल, तर मला ते अपशकुनी वाटलं नाही, मला वाटलं हा माणूस मला शेवटपर्यंत सोडणार नाही. आणि खरंच त्यांनी विचारलं, जानेवारी २०२४ मध्ये, ईसीजी बघता बघता.

मला माहितीये तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याकडे हे चालत नाही, आपल्या माणसांना मरणाचं बोललेलं आवडत नाही. कुठल्या आपल्या माणसांबद्दल बोलताय? ज्ञानेश्वरांची समाधी घरोघर सांगणारा हा समाज आहे. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात आजारी पडल्यावर पवनारला अन्न आणि औषध घ्यायचं थांबवलं आणि १५ तारखेला शांतपणे गेले, आमच्या वडिलांनी ते आम्हाला हात जोडून सांगितलं होतं. आमच्या गल्लीतली प्रत्येक म्हातारी म्हणते की हातपाय चालतायत तोवर ने रे बाबा. बोलतो आम्ही. तुमच्यासमोर बोलत नाही कारण तुम्ही विचारत नाही.

आणि मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचं तर तुम्हा सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त माहितीये. त्याच एका हॉस्पिटलात १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, पेशंट काही तासच जगला पण दार उघडलं गेलं. आणि त्याच हॉस्पिटलात तिथल्याच नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या, नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, एका खाटेवर होत्या आणि तिथल्या नर्सेसनी त्यांना अशी जपली की अंगावर एक बेडसोर नव्हता, हे सुप्रीम कोर्टाने निकालात लिहिलं. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी मरण मागितलं, नर्सेसनी नाही म्हटलं, कोर्टाने २०११ मध्ये नर्सेसचं ऐकलं आणि तरीही त्याच निकालात उपचार थांबवायची वाट पहिल्यांदा मोकळी केली. मला त्या भांडणात दोन्ही बाजूंबद्दल आदर आहे, खरंच. पण अरुणाताईंना काय हवं होतं ते कोणालाच कळू शकत नव्हतं, त्यांना विचारायची संधीच एका नराधमाने हिरावून घेतली होती. आमच्या आण्णांना तर विचारता येत होतं. दीड वर्ष ते तुमच्यासमोर खुर्चीत बसत होते.

कायद्याची भीती वाटते म्हणता, तर ती वाट आता पूर्वीसारखी अवघड राहिलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम सोपे केले. लिव्हिंग विलला, म्हणजे कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेल्या या कागदाला, मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. उपचार थांबवायची वेळ आली तर हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं बोर्ड, मग दुसरं तीन जणांचं बोर्ड, ज्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला, आणि दोघांनी शक्यतो ४८ तासांत निर्णय द्यायचा. मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हा आहे आणि मी ते मागतही नाहीये. मी मागतेय ते एवढंच की ज्या उपचाराने माणूस परत येणार नाही तो थांबवायचा कायदेशीर रस्ता असताना सही करा आणि घेऊन जा म्हणून गरिबाच्या अंगावर ते ढकलू नका. गोव्यात मे २०२४ मध्ये हायकोर्टाच्या न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून नोंदवलं, गोव्यातलं ते पहिलं. मुंबईचे डॉ. निखिल दातार तर कागद सांभाळायला सरकारने माणसं नेमावीत म्हणून हायकोर्टात गेले. तुमच्यातलेच आहेत ते, डॉक्टरच.

मी माझं विल मार्च २०२४ मध्ये केलं. नोटरीला आधी वाटलं शेतीचं मृत्युपत्र आहे. एक प्रत स्थानिक संस्थेकडे द्यायची असते म्हणून गेले तर तीन टेबलं फिरले, कोणी घेईना, शेवटी आवक शिक्का मारून दिला, तो कागद आता कुठल्या गठ्ठ्यात आहे देव जाणे. त्यात मी काय लिहिलंय ते सांगते कारण लोकांना वाटतं यात नुसतं नको नको लिहायचं असतं. मी लिहिलंय, परत अटॅक आला तर व्हेंटिलेटर लावा. मला त्याने एकदा परत आणलंय. पण काही दिवसांनी माझ्या डॉक्टरांना आणि बोर्डाला वाटलं की मी माणसं ओळखण्याइतकी परत येणार नाही, तर काढा, काढताना वेदनेचं औषध द्या, आणि मला ओटीवर नेऊन सोडू नका, तिथेच एका खोलीत माझी माणसं आत येऊ द्या. माझ्या वतीने बोलायला यांचं नाव आणि मुलाचं. नळी तीच असते डॉक्टर, मला तिने वाचवलं आणि आण्णांना तिने अकरा दिवस बांधून ठेवलं, फरक कुठे होता ते आधी कोणीतरी बसून बोलल्याशिवाय कळत नाही.

एका गोष्टीची मला धास्ती आहे. आमच्या शेजारच्या आक्का, ७८ वर्षांच्या, मध्यंतरी म्हणाल्या, मलाबी तुझ्यासारखा कागद करायचाय, पोराचं लई पैसं जात्यात माझ्यापायी. मी त्यांना म्हटलं आक्का, मग तुम्ही नका करू. पैशापायी, सुनेच्या तोंडापायी, भार नको म्हणून जो माणूस मरण मागतो त्याला मरायचं नसतं, त्याला औषधाचे पैसे हवे असतात नाहीतर दोन शब्द हवे असतात. हे ओळखायला तुम्हीच लागता. नोटरीला ते कळणार नाही. माझ्या डॉक्टरांनी माझं ‘मला जगायचं नाहीये’ ऐकलं आणि गोळी दिली, तेच वाक्य आण्णांनी म्हटलं असतं तर त्यांनी कागद पुढे केला असता, आणि दोन्ही वेळा ते बरोबर असते. म्हणून म्हणते, हक्क कोर्टाने दिलाय पण तो खरा करायला स्टूल ओढून बसणारा डॉक्टर लागतो.

मेडिकल कौन्सिलला हात जोडून विनंती, बॅटरी बसवायच्या संमतीच्या कागदावर ती बंद करण्याबद्दल चार ओळी मराठीत छापायला सांगा. हार्ट फेल्युअरचा पेशंट वारंवार अॅडमिट व्हायला लागला की हे बोलणं झालं की नाही यासाठी डिस्चार्ज कार्डावर एक रकाना ठेवा. २०१९ पासून एमबीबीएसच्या मुलांना पेशंटशी बोलायचं शिकवतात असं माझी भाची सांगते, ती शिकतेय, फार चांगलं आहे, पण तिच्या वरचे जे आता पन्नाशीत आहेत त्यांना कोण शिकवणार. त्यांच्यासाठीही काहीतरी करा. आणि ओपीडीत साठ पेशंट असतात हे मला दिसतं, तुम्हाला वेळ नाही हे खोटं नाही, तर मग रिहॅबच्या तासाला बोला, सिस्टरना तयार करा, त्या फिजिओच्या पोरीला तयार करा. मी तिच्याशी सहा मिनिटं चालता चालता जेवढं बोलले तेवढं घरातसुद्धा बोलले नाही.

माझा पुढचा फॉलोअप येत्या १४ तारखेला आहे. विलची झेरॉक्स फाइलमध्ये इकोच्या रिपोर्टच्या वर लावलीय. त्याच दिवशी सकाळी साडेआठला आक्कांनाही घेऊन जाणार आहे, पाय सुजलेत त्यांचे आणि रात्री आडवं झोपवत नाही. डॉक्टर, त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसा जरा.

आपली,
कृष्णाकाठची एक पेशंट